तात्यांच्या नावचा व्यायाम

बारामतीच्या फिजिओथेरपी कॉलेजात मला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरच्यांनी निरवांगीत पेढे वाटले, ते मी डॉक्टर होणार म्हणून. सहा महिन्यांत गावाच्या लक्षात आले की ही पोरगी सुई टोचणार नाही, सलाईन लावणार नाही, गोळ्याही लिहून देणार नाही. ही फक्त लोकांना हातपाय हलवायला सांगणार. पेढे खाऊन झाले होते, त्यामुळे उघड कोणी बोलले नाही. एका शेजाऱ्याला मात्र राहवले नाही. "हातपाय हालवायला आमी दिसभर रानात काय करतो मग?" तो म्हणाला. "त्येला कॉलेज कशाला लागतं?"

रानातले काम म्हणजे व्यायाम नव्हे, कामाने सांधा एकाच बाजूने झिजतो आणि व्यायामाने तो सगळ्या बाजूंनी सुटतो, हे मी त्याला समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सुई कवा टोचायला शिकवत्यात?"

आमच्याकडे उपचारांची उतरंड ठरलेली आहे. सगळ्यात वर सुई, तिच्याखाली करंट, म्हणजे आमची ती वायरींची मशीन. व्यायाम सगळ्यात तळाला, डॉक्टरला काहीच सुचले नाही की तो सांगतो ते. कॉलेजच्या ओपीडीत कंबर धरलेले लोक येत आणि आल्या आल्या मशीनकडे बघत. "जरा वाढवून सोडा की करंट, रानातल्या मोटरीला लागतो तेवढा." एकदा मशीन लावली आणि वीज गेली. एक आजोबा अर्धा तास बंद मशीनच्या वायरी पाठीला लावून डोळे मिटून पडून राहिले. उठताना म्हणाले, आज फरक पडला. मी त्यांना खरे सांगणार होते, पण मागे उभ्या असलेल्या आमच्या मॅडमनी नको म्हणून मान हलवली. आजोबा बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "निदान अर्धा तास आडवे तरी झाले ना? घरी कोण होऊ देतं?"

या मॅडम माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक होत्या. प्रकल्प कागदावर सोपा होता: एक रुग्ण घ्यायचा, त्याला मशीन न लावता फक्त घरी करायचे व्यायाम द्यायचे, बारा आठवडे दर आठवड्याला सांध्याची हालचाल मोजायची आणि सुधारणा दाखवायची. सुधारणा नाही दिसली तर कारण दाखवायचे. कारण नाही सापडले तर पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. मशीन लावायची नाही म्हटल्यावर बारामतीतला एकही रुग्ण दुसऱ्यांदा आला नाही. मी रडकुंडीला आले. तेव्हा निरवांगीहून तात्यांचा फोन आला, "माझा खांदा घे."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना शुगर होती आणि वर्षभरापासून उजवा खांदा आखडला होता. शुगरवाल्यांचा खांदा असा गोठतो हे आमच्या पुस्तकातले पहिल्या पानावरचे उदाहरण, त्यामुळे मला भलताच आनंद झाला. चुलत्यांच्या दुखण्याचा आनंद होणे बरे नव्हे, पण शेवटच्या वर्षाला माणूस असाच होतो.

खांद्याचे त्यांना विशेष काही नव्हते. सदरा त्यांना घालून मिळत होता, पाठ चोळून मिळत होती. अडचण एकच होती, साखर कारखान्याची वार्षिक सभा. पंचवीस वर्षे तात्या त्या सभेत पहिल्या रांगेत बसत आले होते. तिथे विषय वाचला जातो, आणि "मंजूर आहे का?" हे वाक्य पुरे व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" असा गजर होऊन हात वर जातात. विषय काय होता हे कोणी विचारले तर तो माणूस विरोधी गटाचा समजतात. गेल्या वर्षी सगळ्या मांडवाचे हात वर गेले आणि तात्यांचा छातीपाशीच अडकला. व्यासपीठावरच्यांची नजर त्यांच्यावर येऊन थांबली, असे तात्यांचे म्हणणे. त्या हंगामात त्यांच्या उसाला कारखान्याची तोड महिनाभर उशिरा आली. या दोन गोष्टींचा संबंध नाही हे त्यांना पटवून देणारा माणूस इंदापूर तालुक्यात नव्हता.

"डावा हात वर करायचा मग," मी म्हणाले.

माझ्या शिक्षणावरचा उरलासुरला विश्वासही उडाल्यासारखे तात्यांनी माझ्याकडे पाहिले. "डाव्या हातानं मंजुरी देत्यात व्हय? त्यापरास घरी बसावं."

आमच्या फॉर्मवर रुग्णाचे ध्येय असा एक रकाना असतो. त्यात लोक लिहितात, केस विंचरता यावेत, ओढणी घेता यावी. मी लिहिले, "वार्षिक सभेत उजवा हात पूर्ण वर करून मंजुरी देणे." मॅडमनी चष्मा काढून ते पुन्हा वाचले. "ध्येय अगदी मोजता येण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "चालेल."

सभा सप्टेंबरच्या शेवटी, आणि तेव्हाच माझे बारा आठवडेही संपत होते. दर रविवारी मी एसटीने अंथुर्ण्यापर्यंत जायची आणि तिथून मिळेल त्या वाहनाने निरवांगी गाठायची. पहिल्या रविवारी मी तात्यांचा हात कोनमापकाने मोजला. निरोगी खांदा एकशेऐंशी अंशांपर्यंत जातो, तात्यांचा नव्वदवर थांबला. मी चार व्यायाम दाखवले. वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा. दोन्ही हातांत काठी धरून वर न्यायची. पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा. आणि भिंतीकडे तोंड करून, बोटे मुंगीसारखी चालवत हात भिंतीवर चढवायचा, जिथे पोचेल तिथे दहा आकडे थांबायचे आणि त्या जागी खूण करायची. दिवसातून तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी तक्त्यावर बरोबरची खूण करायची.

काकी, म्हणजे तात्यांची बायको, चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. "दहा आकडे म्हंजी किती येळ?" तिने विचारले. मी सावकाश मोजून दाखवले. "आन् तवर श्वास धरायचा का सोडायचा?"

"ए, तुला कशाला चौकशा? चहा दे," तात्या म्हणाले.

पुढच्या रविवारी तक्ता पाहिला तर एकवीसच्या एकवीस खुणा. आमच्या अख्ख्या वर्गात कोणाच्या रुग्णाने असा तक्ता भरला नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही तसाच. कॉलेजात मी तक्ता मिरवत फिरले. हात मात्र नव्वदवरच होता. चौथ्या आठवड्यात ब्याण्णव झाला, पण तेवढा फरक माझ्या हाताच्या थरथरीनेही पडतो. सहाव्या आठवड्यात पुन्हा नव्वद. मी कोनमापकावर संशय घेतला, मैत्रिणीचा आणला. त्यानेही नव्वदच दाखवले. सोप्यातल्या भिंतीवर एकही खूण नव्हती, म्हणून मी तात्यांना विचारले. "आत्ताच रंग दिलाय भिंतीला," ते म्हणाले, आणि मला ते पटलेसुद्धा.

दर रविवारी काकी काहीतरी विचारायची. हात खाली आणताना भिंतीवरून घसरवत आणायचा की सोडून द्यायचा? काठी पुढून न्यायची की बाजूने? खांद्यात कट्कन वाजले तर भ्यायचे का? मला वाटले, नवऱ्याकडून नीट करून घेते आहे बिचारी. माझ्या अहवालात मी एक वाक्य घातले, "कुटुंबाचे सहकार्य उत्तम." ते वाक्य आठवले की आजही मला माझीच लाज वाटते.

मॅडमना मात्र त्या तक्त्याचा वास येऊ लागला होता. "इतका नियमित रुग्ण मी आजवर पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "न सांगता जाऊन बघ एकदा."

नवव्या आठवड्यात कॉलेजला मधेच एक सुट्टी आली आणि मी सकाळीच निरवांगी गाठली. तात्या अंगणात बाजेवर पेपर वाचत होते. व्यायाम झाला का, म्हणून मी विचारले. "चालू हाय," ते म्हणाले आणि पान उलटले. मला काही कळेना. पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

काकी भिंतीला तोंड करून उभी होती. तिच्या उजव्या हाताची बोटे फडताळाच्या वरच्या कडेपर्यंत चढली होती आणि ती पुटपुटत होती, सात, आठ, नऊ. दहा झाल्यावर तिने हात भिंतीवरून घसरवत खाली आणला, हळदीच्या वाटीत बोट बुडवले आणि पुन्हा हात वर नेऊन तिथे टिकली काढली. तिच्या खांद्यापासून फडताळाच्या वरपर्यंत अशा टिकल्यांची अख्खी माळ होती. खालच्या फिकट झाल्या होत्या, वरच्या ताज्या पिवळ्या.

"काकी, काय करतीस तू?"

ती चोरी पकडल्यासारखी दचकली. "ह्यांचा व्यायाम."

"तात्यांचा व्यायाम तू कशाला करतीस?"

"त्यांना कुठं येळ हाय?" काकी म्हणाली. "तू गेलीस त्याच दिवशी म्हणले, एवढं तू बघ. म्हणलं बघते. त्यांच्या नावचे सोमवार मीच धरते की. वडाला फेऱ्या मीच घालते. त्यात ह्ये एक. दिवा लावल्यागत रोज तीन येळा करते, चुकवलं न्हाय बघ एक दिस."

"आणि तक्त्यावरच्या खुणा?"

"त्या ह्येच करत्यात. झाला का म्हणून इचारत्यात, मी व्हय म्हणलं की खूण. खोटं न्हाय त्यात."

मी तिथेच पाटावर बसले. चार वर्षे मी स्नायूंची नावे पाठ केली होती, पण नवऱ्याच्या उपवासाचे पुण्य जसे नवऱ्याला पोचते तसा व्यायाम पोचत नाही, हे कोणाला समजावून सांगावे लागेल असे कुठल्याही पुस्तकात लिहिले नव्हते. हसावे की ओरडावे हे ठरवत असताना माझी नजर पुन्हा त्या टिकल्यांवर गेली. सगळ्यात खालची टिकली तिच्या खांद्याच्या जेमतेम वर होती.

"काकी, पहिल्या दिवशी तुझा हात एवढाच वर गेला होता?"

"मग? त्यो जात न्हवताच की." ती सहज म्हणाली. "चार वर्सं झाली. दिवाळीची साखर आणली कारखान्याच्या गट ऑफिसातनं, पिशव्या डोक्यावरनं उतरवताना खांदा हिसकला. तवापास्नं तसाच हुता. आता जातोय. म्हणून म्हणलं, ह्यांचाबी जात आसंल."

"चार वर्षं? कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी इचारलं?"

मला आठवले, ती मला नेहमी फडताळावरचा डबा काढायला सांगायची, तू उंच हायस म्हणून. शेजारीण येऊन तिचा अंबाडा घालून द्यायची. दोरीवर कपडे ती डाव्या हाताने फेकून टाकायची. मी आठ रविवार त्या घरात बसून चहा प्याले होते, सांध्यांची चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी, खिशात कोनमापक घेऊन. एका हाताने ट्रे धरणारी बाई माझ्यासमोर उभी राहायची आणि मी तिला म्हणायची, काकी, जरा बाजूला हो, मला तात्यांचा हात बघू दे. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही. काकीला वाटले मी परीक्षेला भ्याले, म्हणून तिने मला शिरा करून घातला.

तात्यांशी मी भांडले. त्यांना माझा मुद्दाच कळेना. "व्यायाम घरात झाला का न्हाय?" ते म्हणाले. "झाला. मशागत गडी करतोय, खुरपणी बाया करत्यात, ऊस माझ्या नावावर जातोय का न्हाय कारखान्याला? मग?"

मी तीन दिवस रजा काढून त्यांच्या समोर उभी राहिले आणि त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. हात पंच्याण्णववर आला आणि तात्यांना खांदा दुखतो याचा शोध लागला. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ऱ्हायलेलं तिला सांग."

मॅडमना मी सगळे सांगितले. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले. मग त्यांनी माझा अहवाल पुढे ओढला. "सुधारणा तुझ्या काकूंची झाली," त्या म्हणाल्या, "पण सुरुवातीचं मोजमाप कुठंय? त्याशिवाय परीक्षक मानणार नाहीत."

"आहे, मॅडम. हळदीचं आहे."

मी भिंतीला टेप लावून प्रत्येक टिकलीचा फोटो काढला. अहवालात तात्यांची पाच अंशांची सुधारणा लिहिली, कारण लिहिले, आणि मागे काकीची भिंत जोडली. "कुटुंबाचे सहकार्य उत्तम" हे वाक्य खोडले.

राहिली सभा. तात्यांचा हात काही वर जाणार नव्हता, पण तात्यांनी तोड काढली होती. घरातल्या निम्म्या जमिनीचा ऊस काकीच्या नावावर होता, म्हणजे काकीही सभासद होती. इतकी वर्षे हजेरीच्या वहीवरची तिची सही कारखान्याची माणसे घरी येऊन नेत. "तिचा हात जातोय की वर," तात्या म्हणाले. "माझ्या शेजारी बसंल. मी डोळ्यानं खुणावलं की हात वर. माझ्या नावचा." त्यांना वाटत होते की नऊ आठवड्यांचे माझे कष्ट अखेर सत्कारणी लागले.

सभेला मीही गेले. सभासद नसलेल्यांना मांडवात जागा नव्हती, म्हणून पाण्याच्या टँकरपाशी उभी राहिले. काकी ठेवणीतले लुगडे नेसून आली होती. मांडवाच्या तोंडाशी एक कार्यकर्ता पुढे झाला आणि मोठ्या अदबीने तिला महिलांच्या खुर्च्यांकडे घेऊन गेला. तिथे आठ-दहा बायका होत्या. तात्यांची पहिली रांग दुसऱ्या टोकाला राहिली. ते मान वळवून वळवून डोळ्यांनी खुणावत होते, पण मधे पाचशे टोप्या होत्या.

तरी सुरुवात चांगली झाली. पहिला विषय मंजूर, दुसरा मंजूर. काकीचा हात सगळ्यांबरोबर वर गेला, कोपर सरळ, दंड कानाला टेकलेला. एकशेसत्तर तरी होता. तात्यांची मान अभिमानाने ताठ झाली. पुढे सहा-सात विषय असेच गेले. मग वाचले गेले की सभासदांची साखर यापुढे गावोगावच्या गट कार्यालयांऐवजी कारखान्यावरच मिळेल. मंजूर, मंजूर. पाचशे हात वर गेले. काकीचा मांडीवरच राहिला.

"विरोध असेल त्यांनी हात वर करावा," वाचणारे गृहस्थ म्हणाले. हे वाक्य म्हणायची पद्धत असते. त्यांनी वर न बघताच पान उलटले.

काकीचा हात वर गेला.

मी सवयीने मोजायला लागले. एक, दोन, तीन. सहावर मांडवात कुजबुज सुरू झाली. दहा झाले तरी हात खाली आला नाही. व्यासपीठावरून अध्यक्ष हसून म्हणाले, "ताई, हात खाली घ्या आता. मंजुरी कधीच झाली."

"मंजुरीचा न्हाय त्यो," काकी उभी राहून म्हणाली. "इरोधाचा हाय." तिचा आवाज कापत होता, हात नव्हता. "साखर गावातनं घरला मी आणते. खांदा त्यातच गेला हुता माझा. आता हितनं कोण आणणार? गाडी हाय म्हणत्यात, पर गाडी कवा मोकळी असती? हितं बसलेल्या बायांना इचारा, कोण आणतंय ते."

कोणी विचारले नाही, पण तिच्या शेजारच्या तीन बायकांनी हात वर केले. त्यातल्या एकीचा खांद्यापर्यंतच गेला आणि तिथे अडकला. लांबूनही मला दिसले, ऐंशीच्या वर नाही. ती बाई कोणत्या गावची, हे मी टँकरवाल्याला विचारून ठेवले. व्यासपीठावर माना एकमेकांकडे झुकल्या आणि तो विषय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवल्याचे जाहीर झाले. तात्या पहिल्या रांगेत समोरच्या कर्ण्याकडे टक लावून बसले होते.

परतताना जीपमध्ये, अंथुर्णे मागे पडल्यावर तात्यांनी घसा साफ केला. "उद्यापास्नं माझा व्यायाम माझा मीच करणार," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "भिंतीवर खुणाबी करीन."

"करा की," मागच्या सीटवरून काकी म्हणाली. "पर सोप्यातल्या भिंतीवर करा. सैपाकघरातली माझी हाय."